सावलीतल्या फळ्या

एकदा एका वादळात एका घरामागचा जुना फणस उन्मळून पडला. त्या घरातला कर्ता पुरुष नुकताच वारला होता. त्याची पत्नी दिवसभर ओसरीवर डोळे टिपत बसे, आणि मुलगा म्हणे, "आई, पुरे झालं आता." वडिलांचा चष्मा, छत्री, चपला त्याने माळ्यावर टाकल्या होत्या. दिसायला नको, आठवायला नको!

हा मुलगा एका वृद्ध सुताराचा शिष्य होता. पडलेलं झाड चुलीत जाऊ द्यायचं नाही, चिरून त्याला घरात जागा द्यायची, हे त्या वृद्धाचं व्रत. शिष्य म्हणाला, "आबा, या फणसाचा आईसाठी झोपाळा करू. दिवाळीला त्यावर बसली की रडणं विसरेल."

ओंडका चिरला. पिवळ्याधमक फळ्या निघाल्या. आबांनी त्या सावलीत एकावर एक रचल्या, मध्ये पट्ट्या घातल्या, वर दगड ठेवले आणि म्हणाले, "आता पुढच्या वर्षी."

शिष्य चरफडला. भाद्रपदातलं ऊन फुकट चाललंय आणि हे सावलीचे चोचले कशाला? आबा परगावी जाताच त्याने सगळ्यांत रुंद फळी अंगणात मांडली. काही दिवसांत ती वाळली, आणि मधोमध फाटली.

आबा परतले. रागावले नाहीत. शिष्याचं बोट धरून त्यांनी भेगेत घातलं. आत ओल होती.

"वरचं वाळून आकसलं, आतलं ओलंच राहिलं. मग फाटेल नाही तर काय?" आबा म्हणाले. "अरे, आतली ओल तिच्या चालीनेच बाहेर येते. आपण सावली द्यावी, वारा खेळू द्यावा."

"मग दगड कशाला?"

"ओल जाताना लाकूड वाकतं. तेव्हा कुणीतरी टेकून बसलेलं बरं असतं."

घरी जाऊन शिष्याने माळ्यावरचा चष्मा काढला, पुसला आणि आईच्या हातात दिला. आईला हुंदका फुटला. या वेळी तो 'पुरे' म्हणाला नाही. तिला टेकून बसला आणि म्हणाला, "बाबा फणस कसा फोडायचे गं?"

"हाताला तेल लावायचं कायम विसरायचे," आई म्हणाली, "आणि चिकाने माखले की मलाच हाका मारायचे." रडता रडता तिला हसू आलं.

झोपाळा पुढच्या दिवाळीला झाला. तोवर मायलेक रोज संध्याकाळी ओसरीवर जमिनीवरच बसत.