नदीपलीकडचा गवई

जंगलात सभा भरायची, त्या काळातली गोष्ट. दरवर्षी सगळ्यांच्या वाट्यातून टोपलीभर बोरं नदीपलीकडच्या 'सर्वजंगल कला मंडळा'ला जायची. यंदा पिल्लांनाच बोरं पुरेनात, तशी साळिंदरबाई काटे फुलवून सभेत उभी राहिली.

"अहो, ते मंडळ करतं तरी काय? एकदा ऐकवा की!"

मंडळाचे अध्यक्ष मोरराव मान वेळावत हसले. त्यांनी पानांची झूल पांघरलेला गवई पुढे केला.

"डरांव!" गवई गायला.

सभापती हत्तींनी डोळे पुसले. "वा! असा गळा आपल्याकडे नाही हो!"

साळिंदरबाईनं झूल ओढली. आत त्यांच्याच डबक्यातला बेडूक! झोपमोड करतो म्हणून सभेनंच त्याला गेल्या पावसाळ्यात हाकललं होतं.

"हा होय? गप्प बस रे, कान किटले!" हत्ती खेकसले.

"म्हणजे टोपली बंद ना?" साळिंदरबाईनं विचारलं.

"बंद? दुप्पट करा! याला कायमचं तिकडेच ठेवायला नको का? कोण कोण तयार आहे?"

भराभर पंजे वर झाले. साळिंदरबाईचं बीळ डबक्याला अगदी लागून होतं. तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच आपलाही पंजा वर केला.