शेंडा उडवलेली चिंच

फार जुनी गोष्ट आहे बरं ही. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नाव मला ठाऊक नाही, आणि तुम्हीही विचारू नका. डोंगराच्या पायथ्याला एक बाजाराचं गाव होतं आणि बाजाराच्या मधोमध एक भलीथोरली चिंच होती. निम्मा बाजार तिच्या सावलीत बसायचा.

त्या गावात झाडं छाटणारी काही घरं होती, आणि त्यांचा एक रिवाज होता. ज्यानं झाड छाटलं, त्यानं दरसाल वैशाखातल्या पहिल्या बाजारी, वळवाचा वारा सुटायच्या सुमारास, त्याच झाडाच्या बुंध्याला पाठ लावून बसायचं. सगळ्यांच्या देखत! तो बसला की लोक बिनघोर त्या झाडाखाली पथारी पसरायचे. नाही बसला, तर त्याच्या हातातला कोयता काढून घ्यायचा, असं ठरलेलं होतं. आपल्याच डोक्यावर फांदी असली की माणूस कसा नीट कापतो बघा.

चिंचेची छाटणी ज्याच्याकडे होती तो माणूस कामाला चोख होता, पण जिवाला स्वस्थता कशी ती नाही. जेवता जेवता उठायचा, झोपता झोपता आभाळाकडे बघायचा. त्याला एकुलती एक लेक होती. चिंचेखाली बसून ती फुलं विकायची.

एका बाजारी वाऱ्यानं चिंचेची एक फांदी कडाडली आणि थेट लेकीच्या टोपलीवर येऊन पडली. लेक नुकतीच पाणी प्यायला उठली होती, म्हणून वाचली. टोपलीचा मात्र चुराडा झाला.

झालं! त्या दिवसापासून बापाच्या डोळ्याला डोळा लागेना. पान हललं की तो दचकून वर बघायचा. बाजारचे लोकही पेटले. पाटील म्हणाले, "एवढं उंच झाड हवंय कशाला? उडव त्याचा शेंडा. बुटकं झालं की पडायची भीतीच मिटली."

त्याला हे काम शिकवलं होतं त्याच्या आत्यानं. ती काठी टेकत चिंचेखाली आली. पडलेली फांदी तिनं उलटीपालटी केली आणि म्हणाली, "अरे, ही तर वाळकी आहे. गेल्या साली तुझ्याकडून काढायची राहून गेली ती हीच ना? मग वाळकं काढ, जिथं दाटी असेल तिथं थोडं विरळ कर, आणि खाली उतर. त्या एका काटकीपायी हिरव्या झाडाचं डोकं उडवतोस?"

"आत्या, तुझी पोर बसली होती का तिथं?"

 आत्या हळूच म्हणाली, "तशी नव्हती रे बाबा. पण वर एवढी मोठी जखम केलीस तर ती भरायची नाही. पाणी मुरेल. आणि झाड घाबरून जी फूट काढेल ना, ती नुसती सालीला धरून असेल. तिच्याखाली बसशील तू?"

"बसेन!" तो ओरडला, आणि कुऱ्हाड घेऊन वर चढला.

काय सांगू तुम्हाला! सांजेपर्यंत चिंचेचे नुसते खुंट उरले. बाजारात ऊन आलं. लोकांनी मात्र त्याची पाठ थोपटली, पाटलांनी त्याला फेटा बांधला. लेक एवढंच म्हणाली, "बाबा, पाखरं गेली हो सगळी." तो कुऱ्हाड पुसत राहिला.

पावसाळा सरला आणि चिंच अशी फुटली, अशी फुटली, की बघत राहावं. एकेका खुंटावर झुबक्यानं सरळसोट काठ्या. पाटील आत्याला म्हणाले, "बघ म्हातारे, पहिल्यापेक्षा दाट झालं!" वैशाखात तो बुंध्याला पाठ लावून बसला, वारा आला नि गेला, काही झालं नाही. पुढच्या वैशाखात तसंच. काठ्यांच्या मनगटाएवढ्या फांद्या झाल्या, मग मांडीएवढ्या. सावली परत आली, लेकही फुलं घेऊन परत आली.

आता तरी त्याला झोप लागावी की नाही? छे! उलट जास्तच तळमळू लागला. चिंचेखालून जाताना तो मान वर करीत नसे. इतर झाडांवर माकडासारखा चढायचा, चिंचेवर मात्र पाय ठेवायचा नाही. का, ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

शेवटी एका वैशाखात, पहिल्या बाजारच्या सकाळी, त्याला राहवेना. माणसं जमायच्या आत तो वर चढला. एका खुंटाच्या डोक्याला खळगा पडला होता. त्यानं आत बोटं घातली. लाकूड ओल्या भाकरीसारखं कुस्करलं. हात कोपरापर्यंत आत गेला. आणि त्याच खुंटाच्या कडेला, नुसती सालीला धरून, एक जाडजूड फांदी झुलत होती. बरोबर तिच्या खाली लेकीची जागा होती.

तो खाली उतरला तेव्हा बाजार भरत आला होता. डोंगरामागे आभाळ काळं झालं होतं. लोक त्याचीच वाट बघत होते. कोणी हाक मारली, "या, बसा! तुम्ही बसलात की आम्ही पथारी टाकतो."

 बसलं तर अब्रू राहते. नाही बसलं तर कोयता जातो, आणि कोयता गेला की खायचं काय? बुंध्यापर्यंत तो गेलादेखील. तेवढ्यात लेकीनं टोपली खाली ठेवली आणि निवांत मांडी घातली. का तर बाबा बसताहेत म्हणून!

"ऊठ!" तो किंचाळला. "उठा सगळे! मी बसणार नाही. हे झाड मी नासवलंय. वरून हिरवं दिसतं, आतून कुजलंय. चला, उठा म्हणतो ना!"

पाटील हसले. "वेड लागलं की काय याला?" पण आजवर छाटणारा बसला नाही असं गावात कधी घडलं नव्हतं. लोक कुरकुरत का होईना, उठले. कोणी पथाऱ्या ओढल्या, कोणी शिव्या दिल्या. त्यानं लेकीला दंडाला धरून फरफटत बाहेर आणलं.

मग वारा आला. एक फांदी खुंटापासून सालीसकट सोलून निघाली, तिच्या धक्क्यानं दुसरी, मग तिसरी. मोकळ्या जमिनीवर धडाधड पडल्या. फुलांची टोपली पुन्हा एकदा चिरडली गेली. पाटील आता हसत नव्हते.

धूळ बसल्यावर त्यानं कमरेचा कोयता काढला आणि आत्यापुढं ठेवला. म्हातारीनं तो उचलला, धार बघितली, आणि परत त्याच्याच हातात दिला.

"एवढ्यावर सुटायला बघतोस होय?" ती म्हणाली. "हा घे. आता दरसाल वर चढायचं. एकेका खुंटावर एकच चांगली फांदी राखायची, बाकीच्या हळूहळू कमी करायच्या. एका दमात नाही. तुझ्या हयातीत चिंच सावरली तर देवाची कृपा."

तो जन्मभर त्या चिंचेवर चढत राहिला. ती जगली, पण पहिल्यासारखी झाली नाही. तो म्हातारा होऊन गेला तेव्हाही वैशाखात तिच्याखाली बाजार बसत नसे. लेक फुलं घेऊन उन्हात बसायची, आणि कोणी का म्हणून विचारलं तर चिंचेकडे बोट दाखवायची.

म्हणून म्हणतो, पोरांनो, आणि थोरांनो तुम्हीसुद्धा: भ्यालेल्या हातानं घातलेला घाव धोका कापत नाही, तो धोक्याला नवी पालवी फोडतो.