लोण्यासारखा मॉनिटर

"बोल. कसा मेलास?"

प्रज्योत खुर्चीतून उठला नाही.

"स्क्रीन अडकली, अक्का."

"स्क्रीनचं नाही विचारलं. तू कसा मेलास?"

"तेच सांगतोय ना! ही निलोफर कोपऱ्यावर आली आणि चित्र फाटलं. वरचा अर्धा माणूस एकीकडं, खालचा अर्धा दुसरीकडं. मी मारू कुणाला?"

शालनअक्का त्यानं उठायची वाट बघत उभी राहिली. 

समोरच्या मशीनवर निलोफर तांबोळी बसली होती, ओढणी कमरेला खोचून. ती हसली. "शेठ, मी मारलं म्हणून मेलास. सांगून टाक की तसं. जीभ झिजती काय?"

बार्शीत पिठाच्या गिरणीवर अक्काचा गेमिंग कॅफे. खाली जातं सुरू झालं की वरची फरशी थरथरते आणि की-बोर्डवर पिठाचा पातळ थर बसतो. अक्का पन्नाशीची बाई. लोक नुसतं नेट बघायला पैसे देऊन यायचे त्या काळापासून ती ह्याच खोलीत. दुपारी खोली रिकामी पडायची, तेव्हा ही एकटी बंदुकीचे गेम खेळत बसायची. खेळून खेळून अशी तयार झाली की तिच्यासमोर बसायला भलीभली पोरं कचरायची. पुढं मनगट कामातून गेलं, तेव्हापासून शिकवते. तोंडानं तिखट, आणि लाड कुणाचे करत नाही.

तिचा रिवाज एकच. जो मरेल त्यानं माउसवरचा हात काढायचा, उभं राहायचं आणि कसा मेलो ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं. त्याशिवाय पुढचा डाव नाही.

प्रज्योत दोन वर्षं तिच्याकडं येत होता. हात विजेसारखा. पण मेल्यावर त्याचं उत्तर कधी माउस, कधी नेट, कधी खुर्ची. मागच्या वर्षी संघातली जागा गेली तेव्हा की-बोर्डवर खापर फोडून मोकळा झाला होता.

आज तसं करून भागणार नव्हतं. लातूरच्या स्पर्धेला पाचजण जाणार, त्यातले चौघं ठरलेले, पिशव्या घेऊन स्टँडवर जाऊन बसलेले. पाचव्या जागेसाठी प्रज्योत आणि निलोफर. तीन डाव, ज्याचे दोन तो जाणार. गाडी पाचची. आणि त्या स्पर्धेला वयाची अट होती. निलोफरला पुढचं वर्ष होतं. प्रज्योतचं हे शेवटचं.

पहिला डाव गेला होता.

"अक्का, मला माझ्या मशीनवर खेळू द्या." आता तो उठला. "हे पडदे म्हातारे झालेत. सेकंदाला साठदा चित्र बदलतात, बस्स. माझा मॉनिटर एकशे चव्वेचाळीसचा आहे. लोण्यासारखा चालतो. हिला इथं राहू द्या, मला माझ्यावर बसू द्या. मग बघा."

"म्हणजे तू घोड्यावर आणि मी पायी?" निलोफर म्हणाली. मग तिनंच खांदे उडवले. "आण बाबा. नाहीतर जन्मभर ऐकवशील."

अक्का म्हणाली, "आण."

तो रिक्षा करून गेला आणि रिक्षा करूनच आला. मशीन मांडीवर, मॉनिटर आईच्या गोधडीत गुंडाळलेला. बाळंतिणीला आणावं तसा जिना चढवला त्यानं. वायरी जोडल्या, काच सदऱ्याच्या टोकानं पुसली. पडदा उजळला.

अक्का जवळ आली. दुखरं मनगट सांभाळत तिनं माउस धरला आणि रिकाम्या पडद्यावर बाण गरागरा गोल फिरवला. डोळे बारीक करून बघितलं. पुन्हा फिरवला.

"कसा आहे?" प्रज्योतनं विचारलं. छाती फुगलेली.

"बरा आहे."

एवढंच बोलून ती त्याच्या पाठीमागं जाऊन उभी राहिली.

दुसरा डाव सुरू झाला. आणि प्रज्योत काय खेळला म्हणता! भिंतीआडून निघाला तो थेट अंगणात, अंगणातून गच्चीवर. बोटं कशी उडत होती. निलोफर जिथं जाईल तिथं हा आधीच हजर. शेवटी जिन्याच्या पायऱ्यांवर तिला गाठलं आणि आडवं केलं.

निलोफरनं माउस सोडला. उभी राहिली.

"घाई केली. पायऱ्यांवर थांबायला पाहिजे होतं, मी पळाले."

बसली.

"बघितलंत?" प्रज्योत खुर्चीतच गर्रकन फिरला. "आता पटलं? मघाशी मी नाही मेलो. ह्या डबड्यानं मारलं मला." शेजारच्या जुन्या मॉनिटरच्या डोक्यावर त्यानं चापट मारली.

अक्काचा चेहरा दगडासारखा झाला.

"सरक."

"काय झालं?"

"सरक म्हटलं ना."

तिनं सेटिंग उघडलं. एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात गेली. मग एका आकड्यावर नख टेकवलं.

"वाच."

प्रज्योत वाकला. वाचलं. पुन्हा वाचलं.

साठ.

...

"हे... हे इथं आणताना बदललं असेल."

"मशीन तुझं. वायर तुझी. इथलं काय लागलंय त्याला? कधी घेतलास हा?"

"दिवाळीत."

"मग दिवाळीपासून साठावर चाललाय. नवा पडदा आणला म्हणून मशीन दर वेळी आपणहून वेग वाढवतंच असं नाही. इथं येऊन त्याला सांगावं लागतं. तू सांगितलंस?"

प्रज्योतची कानशिलं तापली. दिवाळीत त्यानं घरादाराला गोळा केलं होतं. फरक दिसतोय का, म्हणून एकेकाला विचारलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. आई तर म्हणाली होती, किती गुळगुळीत रे. सगळ्या मित्रांना त्यानं हिणवलं होतं, तुम्ही काय बैलगाडीतून खेळता म्हणून.

निलोफरनं ओढणी तोंडावर धरली. हसू आवरेना तिला. पण त्याच्याकडं बघितलं आणि तिचं हसणं आपोआप थांबलं. ते जास्त झोंबलं.

"म्हणजे मी जिंकलो ते..."

"साठावर जिंकलास. हरलास तेही साठावरच."

"पण मघाशी चित्र फाटलं होतं, अक्का! आईशपथ फाटलं होतं!"

"फाटलं असेल. मशीन जास्त चित्रं ढकलतंय आणि पडद्याला तेवढी पेलत नाहीत, मग फाटतं. आत्ता ह्याच्यावरही फाटलं. मी मागं उभी होते."

"मला नाही दिसलं."

"नाही दिसलं."

"का नाही दिसलं?"



खाली कुणीतरी दळण आणलं असावं. जातं सुरू झालं, फरशी हलायला लागली.

"एक एक झालं," अक्का म्हणाली. "तिसरा डाव. हे बघ, साठाच्या खाली एकशे चव्वेचाळीस लिहिलंय. एक टिचकी मारायची. करू?"

प्रज्योतनं निलोफरकडं बघितलं.

"माझ्याकडं काय बघतोस? कर की. मशीन तुझं आहे."

तिचा आवाज ताठ होता, पण हात मांडीवर घट्ट मिटलेले. तिलाही लातूर पाहिजे होतं.

प्रज्योतचा हात माउसवर गेला. थांबला. वाढवलं तर खरंच फायदा होता, हे त्याला ठाऊक होतं. कोपऱ्यावरची निलोफर डोळ्याचं पातं लवायच्या आत दिसली असती. आणि तरी हरलो तर? मग बोलायला काय उरलं?

त्यानं हात मागं घेतला.

"राहू द्या साठच. बरोबरीनं होऊ दे."

म्हणाला आणि त्याचं त्यालाच बरं वाटलं. केवढं मोठं मन आपलं.

अक्का वाकली. तोंड त्याच्या कानाजवळ आणलं.

"बरोबरीसाठी ठेवलंस? का हरल्यावर सांगायला ठेवलंस?"

 थोबाडीत मारली असती तरी एवढं लागलं नसतं. बाईनं पोटात हात घालून मनातलं बाहेर काढलं होतं.

"अक्का, मी..."

"खेळ. कशावरही खेळ. पण मेल्यावर तोंडातून स्क्रीनचं नाव निघालं, तर हा जिना पुन्हा चढायचा नाही."

तिसरा डाव.

ह्या वेळी कुणी पळालं नाही. निलोफर मागच्याच चुकीतून शिकलेली, पायऱ्यांच्या वळणावर दबा धरून बसली. प्रज्योत भिंतीआड. ती हलेना, हा हलेना. गिरणीचा घरघराट तेवढा येत होता. प्रज्योतच्या तळहाताला घाम सुटला, माउस निसटायला लागला. स्टँडवर गाडी लागली असेल. शेवटचं वर्ष. जावं का? थांबावं का? एक पाऊल. फक्त बघून येऊ...

तो भिंतीआडून निघाला.

पायऱ्यांवरून निलोफर उठली, आणि नेमकं त्याच क्षणाला पडद्यावरचं चित्र मधोमध फाटलं. तिचं डोकं एकीकडं, पाय दुसरीकडं. त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. खोटं नाही, भास नाही, लख्ख फाटलं.

गोळी लागली. पडदा लाल झाला.

निलोफर ओरडली नाही. दोन्ही हात तोंडावर घेऊन तशीच बसून राहिली.

प्रज्योतनं माउस सोडला.

उभा राहिला.

ओठ उघडले. पुन्हा मिटले. निलोफर त्याच्या तोंडाकडं बघत होती. अक्का बघत नव्हती, ती पडद्याकडं बघत होती.

...

"थांबायला पाहिजे होतं," प्रज्योत म्हणाला. आवाज चिरका निघाला. "ती कुठं आहे ते बघायच्या आधीच मी मारायला निघालो."



निलोफर उठली. पिशवी उचलली. अक्काच्या पाया पडली. दारात थांबून म्हणाली, "येते, शेठ." आज त्यात टोमणा नव्हता. जिन्यावरून तिची पावलं धाडधाड खाली गेली.

प्रज्योत गोधडीची घडी मोडायला लागला. वायर काढायला वाकला.

"चित्र फाटलं होतं," अक्का मागून म्हणाली. "नेमकं त्या वेळी. मी बघितलं."

त्याचे हात थांबले.

"होय."

"मग बोलला का नाहीस?"

प्रज्योतनं नाक बाहीला पुसलं. 

"फाटायच्या आधीच मेलो होतो, अक्का."

अक्कानं खुर्ची ओढली. त्याच्यापुढं सरकवली.

"ती वायर राहू दे. बस. आता कर एकशे चव्वेचाळीस."