आक्का खुर्चीवर बसल्या

“माझा पाय असा वाकडा पडतो, याला कुणीतरी जबाबदार आहे. वेळेवर कुणी एक शब्द बोललं नाही.”

यशोधरनं एक्स-रेचा लिफाफा आक्कांसमोर ठेवला. आक्का मठाच्या प्रमुख. तो त्यांचा वर्षभराचा शिष्य. त्याला जन्मापासून हिमोफिलिया होता. रक्त वाहू लागलं की लवकर थांबायचं नाही.

“डॉक्टर काय म्हणाले?”

“डावा खुबा झिजलाय. सांध्यात पुन्हा पुन्हा रक्त उतरलं, दर वेळी रक्त गोठवणारं इंजेक्शन घ्यायचं राहिलं. मांडीत ताकद राहिली नाही. असंच चाललं तर तिशीतच सांधा बदलावा लागेल.”

“दुखायचं?”

“जांघेत. खूप.”

“कधी?”

“...ध्यानाला बसल्यावर.”

मठाचा रिवाज असा की सकाळच्या बैठकीत जो शेवटपर्यंत हलत नाही, त्याचं आसन आक्कांच्या शेजारी. सहा महिने ते आसन यशोधरचं होतं.

“दुखत असताना उठला नाहीस.”

“देहाला जिंकायचं होतं, आक्का.”

“आणि तू हलत नाहीस म्हणून कौतुक कोण करायचं?”

यशोधर लिफाफा सरळ करू लागला.

“बोल की.”

“...तुम्ही.”

आक्कांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. बराच वेळ पाहिला. मग परत दिला.

दुसऱ्या दिवशी बैठक सुरू झाली. थोड्याच वेळात यशोधरच्या जांघेत रक्त उतरतानाची ती ओळखीची ऊब आली, मग ताण. त्यानं दात आवळून धरले.

तेवढ्यात आक्का उठल्या.

बैठकीत त्यांना हलताना आजवर कुणी पाहिलं नव्हतं. त्या भिंतीपर्यंत गेल्या, खुर्ची ओढली. फरशीवर तिचा मोठा आवाज झाला.

“गुडघा दुखतोय माझा,” त्या म्हणाल्या आणि खुर्चीवर बसल्या.

काहींनी डोळे उघडले. काहींनी आणखी घट्ट मिटले.

यशोधर बसूनच राहिला. एक श्वास... दुसरा...

मग जमिनीला हात टेकून तो उठला. लंगडत स्वयंपाकघरात, मठाचा स्वयंपाक पाहणाऱ्या सिंधूकाकूंकडे गेला.

“सिंधूकाकू, फ्रिजमधलं माझं इंजेक्शन द्या. आत्ताच घ्यायला हवं.”

सिंधूकाकूंनी मागचा खोका काढला, पदरानं पुसला, त्याच्या हातात दिला.

“सहा महिने याला सरकवून दही ठेवतेय मी. मला वाटलं, पूजेचं आहे काहीतरी.”