कोंडाजींच्या मापाची बंदूक

“अहो आजीबाई, असली नक्षीची बंदूक शिकाऱ्याच्या घरात कुठून येणार?” जुन्या बंदुका जमवणारे आबासाहेब निंबगावकर भर प्रदर्शनात माझ्यावर गरजले. “ही माझ्या आजोबांची!”

“माझ्या आजोबांची, कोंडाजी शिकाऱ्यांची! आमच्या संस्थानच्या महाराजांचा जीव वाचवला म्हणून त्यांच्या मापाने घडवून दिलेली. बंदुकीखालच्या पाटीवर तुमच्या आजोबांऐवजी त्यांचं नाव लागेपर्यंत मी इथून हलत नाही.”

“पुरावा?”

मी भिंतीवरच्या तसबिरीकडे बोट केलं. “तुमचे आजोबा कुठल्या खांद्याला लावून बार काढायचे?”

“उजव्या! दिसत नाही का तसबिरीत? डाव्या हाताने ते पाणीसुद्धा प्यायले नाहीत कधी.”

“मग लावा ही उजव्या खांद्याला.”

त्यांनी ऐटीत लावली. दस्ता गालात रुतला, नळी डोळ्यासमोर येईना. येणार कशी? माझ्या आजोबांचा उजवा डोळा अस्वलाने नेला होता, म्हणून ते डाव्या खांद्यावरून नेम धरत आणि कारागिराने दस्ताच डावीकडे वाकवला होता. मी तीच बंदूक डाव्या खांद्याला लावली. नळी सरळ तसबिरीवर.

“आबासाहेब, तुमची पाटी खुशाल ठेवा, पण आधी त्या तसबिरीतल्या आजोबांना खांदा बदलायला सांगा.”