चौऱ्याण्णव गुण

“मग कमी पडलं कुठं, सिस्टर? ते तरी सांगा.”

डॉ. निनाद खांबेटे तालुक्याच्या सरकारी रुग्णालयाची तपासणी करायला आला होता. खोली नंबर अकरा, गुप्तरोगांचा दवाखाना. शंभरपैकी चौऱ्याण्णव गुण. फक्त सही राहिली होती, आणि दुपारी उपसंचालक प्रमाणपत्र द्यायला यायचे होते.

समोर बाकावर शांतवन सिस्टर बसल्या होत्या. निनाद शिकाऊ असताना त्याला हातात सुई धरायला यांनीच शिकवलं होतं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी रोज येऊन बसतात. ज्या बायका एकट्या आत जायला धजत नाहीत, त्यांना सोबत करतात.

निनादने यादी वाचून दाखवली. पडदा आहे. औषधं आहेत. हातमोजे आहेत. ताटकळण्याचा वेळ शून्य मिनिटं. पेशंटच्या तक्रारी शून्य. दोन्हींना पैकीच्या पैकी.

“मसणवटीतही कुणी तक्रार करत नाही,” सिस्टर म्हणाल्या.

...

सिस्टरांच्या शेजारी डोक्यावरून ओढणी घेतलेली एक मुलगी होती. आस्मा. वय बावीस, पाचवा महिना. नवरा ट्रकवर. तिला फोड आले होते. कुठे, ते तिने फक्त सिस्टरांच्या कानात सांगितलं होतं. इलाज आत्ताच झाला नाही, तर पोटातलं बाळही त्या रोगातून सुटणार नव्हतं.

ती तिसऱ्यांदा आली होती. तिन्ही वेळा हातात पित्ताच्या गोळ्या घेऊनच बाहेर पडली. आज बाहेर पडताना सिस्टरांनी तिला गाठलं. पण आता पुन्हा केसपेपरच्या खिडकीवर जायला ती तयार नव्हती. आणि खिडकीवर दुखणं सांगून केसपेपरवर अकरा नंबर पडल्याशिवाय त्या खोलीत कुणी घेत नाही.

निनाद वैतागला. खोली वीस पावलांवर, औषध कपाटात, आणि ही बाई पित्ताच्या गोळ्या खातेय! लोकच अडाणी असतील तर दवाखान्याने काय करायचं, असं तो बोलून गेला.

आस्माने मान खाली घातली.

सिस्टर उठल्या. त्यांनी निनादच्या गळ्यातलं ओळखपत्र काढून घेतलं.

“जा. केसपेपर काढून आण. खाली जखम झालीय म्हण.”

“मी?”

“तपासायला आलायस ना?”

निनाद हसत हसत रांगेत उभा राहिला. त्यात काय एवढं, असं त्याला वाटलं.

पुढे दोन म्हातारे होते. मागे शाळेतल्या एक बाई, त्यांच्यामागे गावातली पाचसहा माणसं. खिडकीला काच, आणि काचेचं भोक पार खाली, त्यामुळे बोलणाऱ्याला वाकून ओरडावं लागे. आतला कारकून मान वर करत नव्हता. वाईट माणूस नव्हता तो. वीस वर्षं हेच विचारत होता.

“नाव? वय? काय होतंय?”

निनाद वाकला. मागच्या बाई त्याच्या खांद्याशी होत्या.

“काय होतंय? मोठ्यानं बोला.”

...

“डोकं दुखतंय.”

खोली नंबर तीनचा केसपेपर घेऊन तो परत आला. त्याला लाज वाटत होती, आणि लाज वाटल्याचा रागही येत होता.

“सिस्टर, मला तर काही झालेलंही नाही.”



मग त्याने अहवाल उघडला. बेरजेचं शेवटचं पान टर्रकन फाडलं, पालथं केलं आणि कोऱ्या बाजूवर लिहिलं: आस्मा, वय २२, खोली नंबर ११. खाली सही केली.

“हा घ्या तुमचा केसपेपर,” तो आस्माला म्हणाला. “तिथे काही सांगायचं नाही. फक्त कागद द्यायचा. माझं चुकलं.”

आस्माने सिस्टरांकडे पाहिलं. मग ती उठली आणि वीस पावलं चालून अकरा नंबरच्या दारात शिरली. तिला कुणी अडवलं नाही.

एवढ्यात फाटकातून पांढरी गाडी आत आली. शिपाई हार घेऊन धावला.

निनादच्या हातात शेवटचं पान नसलेला अहवाल होता.

“साहेब गुण विचारतील, सिस्टर. काय सांगू?”

सिस्टरांनी खिडकीकडे हात केला.

“या म्हणावं. रांग तिथून सुरू होते.”