विटकरी ठिगळाची घोंगडी

फार पूर्वी, माळावरच्या एका तळ्याकाठी एक गाव होतं आणि त्या गावात एक वाटाड्या राहायचा. वाटाडे कुठेही मिळतात. कुणी घाटाची वाट दाखवतो, कुणी नदीचा उतार. हा मात्र पाखरं दाखवायचा.

हिवाळ्याच्या तोंडाला उत्तरेकडून करकोचे यायचे. राखी अंगाचे, उंच मानेचे, कानामागे पांढऱ्या पिसांचे झुपके मिरवणारे. सकाळी शिवारात दाणे टिपायचे आणि दुपारी तळ्याच्या उथळ पाण्यात विसावायचे. फाल्गुन सरत आला की त्यांना परतीचे वेध लागत. पुढे बर्फाचे डोंगर ओलांडायचे असत, म्हणून शेवटचे आठ-दहा दिवस ते नुसते खायचे, विसावा घ्यायचे आणि योग्य वाऱ्याची वाट बघायचे. अख्खा थवा एका जागी दिसायचा तो याच दिवसांत, त्यामुळे पाहुणेही याच दिवसांत येत.

वाटाड्याची रीत ठरलेली होती. अंगावर जुनी काळी घोंगडी, तिला खांद्यापाशी विटकरी ठिगळ. तो पुढे, पाहुणे मागे एका ओळीत. बांधावर एक आडवा दगड होता, पाहुण्यांनी तिथे बसायचं. वाटाड्या एकटाच पाण्याकडे जायचा. करकोचे मान वर करून बघायचे, घोंगडी ओळखायचे आणि पुन्हा चोची पाण्यात घालायचे. तो बसला की थवा हळूहळू त्याच्या आसपास सरकायचा, म्हणजे दगडाच्याही जवळ यायचा. पाहुणे श्वास रोखून बघत राहायचे.

घोंगडी त्याच्या आईची होती. पहिल्या हिवाळ्यात ती दगडापाशी बसली होती. दुसऱ्या हिवाळ्यात चार पावलं पुढे. असे अकरा हिवाळे गेले, तेव्हा कुठे करकोच्यांनी तिला आपल्यात बसू दिलं. जाताना तिने घोंगडी लेकाच्या हाती दिली आणि म्हणाली, "ही अंगावर असताना कधी हात उगारू नको. आणि तळ्यावर ही दुसऱ्या कुणाच्या अंगावर टाकू नको. कुणी थंडीनं कुडकुडत असलं तर तुझा सदरा काढून दे, पण ही देऊ नको."

त्याने वीस वर्षं शब्द पाळला.

एका फाल्गुनात तीन पाहुणे आले. एक म्हातारा वैद्य, त्याची बायको आणि राजाच्या पदरचा एक नावाजलेला चितारी. राजवाड्याच्या छतावर करकोच्यांचा थवा काढायचं काम चिताऱ्याकडे होतं. माणूस वाईट नव्हता. तीन दिवस तो दगडापाशी मुकाट बसला, पण त्याचं समाधान होईना.

चौथ्या दिवशी दुपारी तो म्हणाला, "दादा, यांच्या डोळ्याचा रंग इथून दिसत नाही."

"लाल असतो," वाटाड्या म्हणाला.

"लाल म्हणजे कसा? कुंकवासारखा, गुंजेसारखा, की विस्तवासारखा?"

वाटाड्याने तो डोळा हजारदा पाहिला होता, पण त्याला सांगता येईना.

"एक घटकाभर तुमची घोंगडी द्या. मी जाऊन बघतो आणि लगेच येतो."

"पाहुणं, दुसरं काहीबी मागा. ही द्यायची न्हाई."

"वारा फिरला की हे उद्या-परवा जातील. पुढे शेकडो माणसं माना वर करून ते छत बघतील. त्यांना खोटा डोळा दाखवू का?" चिताऱ्याने घोंगडीकडे बोट केलं. मग म्हणाला, "आणि थव्याच्या कडेला तुम्हालाही काढीन. घोंगडीसकट."

वाटाड्याच्या मनात काहीतरी हललं. ज्या गावकऱ्यांना त्याचं नावही धड आठवायचं नाही, त्यांची नातवंडं राजवाड्यात जाऊन त्याला बघतील. त्याने स्वतःची समजूत घातली की आपण पाखरांना तर काही करत नाही, फक्त एक घोंगडी देतोय. त्याने ती उतरवली आणि चिताऱ्याच्या खांद्यावर टाकली.

"हलायचं न्हाई. हात वर न्यायचा न्हाई."

"शब्द दिला," चितारी म्हणाला, आणि तेव्हा तो मनापासूनच म्हणाला.

तो पाण्यापाशी गेला. करकोच्यांनी माना वर केल्या, विटकरी ठिगळ पाहिलं आणि माना खाली घातल्या. चितारी बसला. थवा त्याच्याभोवती सरकला. हातभर अंतरावरून एका करकोच्याने त्याच्याकडे पाहिलं, आणि चिताऱ्याचे डोळे भरून आले. तो तेव्हाच उठून हळूच मागे आला असता, तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

पण डोळा मिळाल्यावर त्याला पंख हवे झाले. पसरलेले पंख खालून कसे दिसतात, ते एकदाच बघायचं. परत बसतील की, असं त्याला वाटलं. तो ताडकन उभा राहिला आणि दोन्ही हातांनी त्याने घोंगडी उडवली.

सगळं तळं एकदम उठलं. करकोच्यांच्या ओरडण्याने माळ भरून गेला. वारा अजून उलटा होता, ऊन माथ्यावर होतं. थव्याने दोन घिरट्या घातल्या, पण खाली काळी घोंगडी उभीच होती. मग तो थवा तसाच, उलट्या वाऱ्यात, उत्तरेकडे निघून गेला.

"एक राहिला," वैद्याची बायको हळूच म्हणाली.

मागच्याच वर्षीचं पिल्लू असावं. थव्यातून ते खाली आलं होतं आणि पाण्यात पंख लोंबवून उभं होतं. चितारी हरखून परत आला, पण तिघांचे चेहरे बघताच त्याने घोंगडी उतरवली. वाटाड्याने ती घेतली, अंगावर ओढली आणि शिदोरीतले मूठभर हरभरे घेऊन पाण्याकडे गेला.

पिल्लाने मान वर केली. घोंगडी दिसताच ते जिवाच्या आकांताने पळत सुटलं, पडलं, उठून पुन्हा पळालं.  वाटाड्याने घोंगडी काढून काठावर ठेवली आणि तिच्याशिवाय पुढे गेला. पिल्लू पुन्हा पळालं. या माणसाला ते ओळखतच नव्हतं.

तेव्हा त्याला कळलं, की आता या तळ्यावर आपलं कुणी उरलं नाही. तो पाण्यात उभा राहून रडला, पाहुण्यांसमोर.

पुढचे आठ दिवस तो पहाटे काठावर दाणे ठेवून लांब निघून जायचा. नवव्या दिवशी पिल्लू नव्हतं. वाऱ्याने नेलं की कोल्ह्याने, ते कुणाला कळलं नाही.

राजवाड्याचं छत पुरं झालं. करकोच्यांचे डोळे असे उतरले होते की बघणारा जागीच थबकायचा. कडेला काळ्या घोंगडीतला एक माणूसही होता. बघायला या, असा वाटाड्याला निरोप आला. तो गेला नाही.

पुढल्या हिवाळ्यात करकोचे आले, पण पलीकडच्या काठाला उतरले. घोंगडी बांधावर दिसली तरी उठायचे. कुणी म्हणालं, जाळून टाक ती. त्याने जाळली नाही. तीच अंगावर घेऊन तो बांधाच्याही मागे, पार बाभळीखाली जाऊन बसायला लागला.

काही वर्षांनी वैद्याची बायको एकटीच आली. वाटाड्याचे केस पांढरे झाले होते, आणि तो अजून दगडाच्या अलीकडेच बसत होता. ती शेजारी बसली.

"तुमच्या आईला अकरा हिवाळे लागले होते ना? तुम्हाला अजून किती लागतील?"

"आईला फक्त अनोळखीपणा घालवायचा होता, बाई," तो म्हणाला. "मला भीती घालवायची हाय. तेवढे हिवाळे माझ्यापाशी न्हाईत."

"मग बसता कशाला?"

"माझ्यामागून जो कुणी ही अंगावर घेईल, त्याला दगडापासून तरी सुरुवात करता यावी म्हणून."

आणि हात मांडीवर ठेवून तो पलीकडच्या काठाकडे बघत राहिला.

तात्पर्य: कुणी आपल्यावर टाकलेला विश्वास हा आपल्याकडे ठेवायला दिलेला असतो. तो दुसऱ्याला घटकाभरही वापरायला द्यायचा हक्क आपल्याला नसतो.